खाडीच्या वळणावरचा निळा ड्रम

भरती आली की मी वर येतो, ओहोटी लागली की खाली जातो. दिवसातून दोनदा, न चुकता. बोरिवलीच्या पश्चिमेला जी खाडी आहे, तिच्या एका वळणावर मला नांगर टाकून उभं केलं आहे. माझ्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले आहेत, म्हणजे लांबून येणाऱ्या होडीला मी दिसावं. मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. तुमच्या मोरीत किंवा गॅलरीत माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. पाणी साठवण्यापलीकडे त्यांना काही आयुष्य असेल, असं तुम्हाला वाटलं नसेल. एके काळी मलाही वाटलं नव्हतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवले, साच्यात ओतले, आत हवा फुंकली आणि मी फुगून आकाराला आलो. साचा उघडला तेव्हा मी इतका गरम होतो की कामगारांनी हातमोजे घालूनच मला उचललं. रुंद तोंड, काळं झाकण आणि झाकण आवळायला लोखंडी कडी, असा मी तयार झालो. तिथून मी गेलो लोणच्याच्या कारखान्यात. माझ्यात मिठाचं पाणी भरायचे आणि त्यात कैरीच्या फोडी मुरत ठेवायचे. तीन उन्हाळे मी ते काम केलं. खारं पाणी काय असतं हे मी तिथे शिकलो, पण त्या वेळी ते पाणी माझ्या आत होतं.

मग मला विकून टाकलं आणि मी जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या एका वस्तीत आलो. द्रौपदीबाईंच्या घरात. द्रौपदीबाई मूळच्या जालन्याकडच्या. एका प्रसूतिगृहात त्या आयाचं काम करत. त्यांनी मला चिंचेने घासलं, मग राखेने घासलं, मग आठ दिवस उन्हात उलटं ठेवलं. तरी पहिले दोन महिने घरातला चहा थोडा लोणच्यासारखा लागायचा, असं त्या शेजारणीला हसत सांगत.

वस्तीत पाणी पहाटे यायचं आणि पाऊण तासात जायचं. तेवढ्या वेळात मी भरलो नाही तर दिवस फुकट. मी भरलेला असलो की द्रौपदीबाई कामाला निघताना माझ्या झाकणावर हात ठेवून जात. ती माझी शाबासकी. अकरा वर्षं मी त्या घराची तहान भागवली. त्यांचा मुलगा प्रबुद्ध माझ्याच आडोशाला बसून दहावीचा अभ्यास करायचा, कारण घरात गार जागा तेवढीच होती.

मग वस्ती पाडली, सात मजली इमारत उभी राहिली आणि सगळ्यांना खोल्या मिळाल्या. नव्या खोलीत नळाला दिवसभर पाणी. माझं काम संपलं. मला जिन्याखाली ठेवलं. सुरुवातीला माझ्यात जुन्या चपला टाकल्या, मग फुटक्या बादल्या, मग कोणी काय टाकलं ते मीही पाहायचं सोडून दिलं. जिन्यावरून येणारे-जाणारे माझ्याकडे बघून म्हणत की हा भंगारात कधी द्यायचा. मित्रांनो, पाणी नसलेल्या ड्रमला आवाज फार येतो. तेव्हा प्रत्येक पाऊल माझ्या आत घुमायचं.

प्रबुद्ध मोठा झाला होता. गोरेगावच्या स्टुडिओत तो लाइटमन म्हणून काम करत होता. एकदा शूटिंगसाठी त्यांचं युनिट बोरिवलीच्या या खाडीत आलं. सीनसाठी एक कयाक आणली होती. कयाक म्हणजे एका किंवा दोघा माणसांची लांबट, हलकी होडी. काम संपल्यावर प्रबुद्ध सहज तिच्यात बसला आणि वल्हं मारत तिवरांच्या जंगलापर्यंत गेला. चिखलात मुळं रोवून उभी असलेली ती खाऱ्या पाण्यातली झाडं, त्यांच्यावर बसलेले बगळे, आणि बोरिवलीच्या उंच इमारती असूनही तिथे असलेली शांतता. तो परत आला तो दुसराच माणूस होऊन. दोन मित्रांबरोबर त्याने जुन्या कयाक घेतल्या, पोहायचं नीट शिकून घेतलं, जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि दर रविवारी तो लोकांना खाडीत फिरवू लागला. पुढे स्टुडिओतलं काम कमी झालं तेव्हा हेच त्याचं मुख्य काम झालं.

कयाक ठेवायला त्याला जागा दिली विमलामावशींनी. खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांचं घर होतं. विमलामावशी तीस वर्षं ओहोटीला चिखलात उतरून खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे खडबडीत शिंपले, काढत होत्या. कालवाची कड ब्लेडसारखी असते. त्यांच्या दोन्ही हातांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, मोजता येणार नाहीत इतक्या. आता गुडघे चिखलातून निघत नव्हते. तेव्हा त्यांनी आणि आणखी चार बायकांनी ठरवलं की शिंपले शोधत फिरायचं नाही, शिंपल्यांची शेतीच करायची. मत्स्यशास्त्राच्या कॉलेजातून एक बाई येऊन त्यांना शिकवून गेल्या. बांबूंचा तराफा करायचा, तो ड्रमांवर तरंगत ठेवायचा, आणि त्याला खाली दोर सोडायचे. दोरांना शिणाण्यांची, म्हणजे हिरव्या कडांच्या शिंपल्यांची पिल्लं जाळीत बांधायची. पाणी येता-जाता त्यांना खायला घालतं आणि सहा-सात महिन्यांत दोर शिंपल्यांनी जड होतो.

सगळं जमलं होतं, फक्त ड्रम कमी पडत होते. विमलामावशींनी प्रबुद्धला विचारलं. तो म्हणाला, आमच्या जिन्याखाली एक आहे.

असा मी खाडीवर आलो. प्रबुद्धने मला रिक्षाच्या टपावर बांधून आणलं आणि द्रौपदीबाई खाली येऊन बघत उभ्या राहिल्या. माझं झाकण डांबर आणि रबर लावून कायमचं बंद केलं. तराफ्याच्या एका कोपऱ्याखाली मला बांधलं आणि पाण्यात ढकललं. आयुष्यभर मी पाणी आत घेऊन उभा होतो. आता पाणी बाहेर होतं आणि माझ्या आत फक्त हवा होती. भीती वाटली. मग बांबूचा भार माझ्यावर आला, मी थोडा खाली गेलो, आणि तिथेच थांबलो. मी बुडालो नाही. विमलामावशी होडीतून बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

ते पहिलं वर्ष फार छान गेलं. खाडीच्या या वळणावर पाणी खोल आहे. बाकी सगळीकडे ओहोटीला चिखल उघडा पडतो, पण इथे पाणी राहतं. म्हणूनच आमचा तराफा इथे होता आणि म्हणूनच प्रबुद्धच्या कयाकही इथूनच जायच्या. तराफ्याच्या दोन्ही बाजूंनी होड्या सहज निघत. प्रबुद्ध लोकांना आमच्याजवळ थांबवायचा, एखादा दोर थोडा वर उचलून दाखवायचा. लोक विचारत की हे पाणी इथे एवढं स्वच्छ कसं. तो सांगायचा की शिंपले पाणी गाळून पितात. मे महिन्यात दोर काढले तेव्हा एकेक दोर उचलायला दोन बायका लागल्या. कॉलेजच्या बाईंनी शिंपले तपासून खायला चांगले आहेत असं लिहून दिलं. त्या दिवशी कोळीवाड्यातल्या प्रत्येक घरात शिणाण्यांचं सुकं शिजलं आणि प्रबुद्ध द्रौपदीबाईंसाठी डबा भरून घेऊन गेला.

दुसऱ्या वर्षी आणखी सहा बायका आल्या. एकाचे तीन तराफे झाले. विमलामावशींनी ते वळणावर आडवे, एकाला एक जोडून बांधले, कारण तसे बांधले की नांगर कमी लागतात. एका बाजूची वाट बंद झाली. दुसरी राहिली, पण तीही महिन्यामहिन्याने अरुंद होत गेली. ती का होते आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. तराफ्यांमागे पाणी मंद व्हायचं आणि त्यातला गाळ खाली बसायचा. माझ्या दोराला खालून चिखल लागत होता. पण मी कोणाला सांगणार?

प्रबुद्धला वाटत होतं की मावशींनी आपल्याला विचारायला हवं होतं. मावशींना वाटत होतं की ज्याला जागा दिली त्याने जागेबद्दल कुरकुर करू नये. दोघंही बोलले नाहीत. आधी तो दर रविवारी त्यांच्या ओट्यावर चहा प्यायचा. आता लांबूनच हात करून जायचा.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. प्रबुद्धबरोबर सहा माणसं होती. त्यांच्यात मुलुंडच्या शुभाताई होत्या. वय त्रेसष्ट, पोस्टातून निवृत्त. मुलुंडलाही खाडी आहे, पण आयुष्यभर ती फक्त पुलावरून पाहिली, म्हणून त्यांनी हे शिकायचं ठरवलं होतं. त्या दिवशी त्यांची बस अडकली आणि त्या अर्धा तास उशिरा पोचल्या. ओहोटी लागायची वेळ झाली होती. प्रबुद्धने घड्याळ पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि निघायचं ठरवलं.

परत येताना पाणी उतरू लागलं होतं. उतरणारं पाणी खाडीत फार ओढ घेतं. बाकीचे पाच जण अरुंद वाटेतून एकामागे एक निघाले. शुभाताई शेवटी होत्या. त्यांचं वल्हं चिखलाला अडलं, कयाक आडवी झाली आणि ओढीने थेट आमच्यावर येऊन आदळली. ती उलटली. शुभाताई पाण्यात पडल्या. लाइफ जॅकेटमुळे डोकं वर राहिलं, पण जॅकेटचा पट्टा तराफ्याखालच्या दोरात अडकला आणि पाणी त्यांना तराफ्याखाली खेचू लागलं.

त्यांच्या हाताला मी लागलो. त्यांनी दोन्ही हातांनी मला मिठी मारली.

मित्रांनो, मी त्याआधी मिठाचं पाणी सांभाळलं होतं, प्यायचं पाणी सांभाळलं होतं. माणूस पहिल्यांदाच सांभाळत होतो. शिंपल्यांच्या कडांनी त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत चिरला होता. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या अंगाला गाल लावून मोठमोठा श्वास घेत राहिल्या. मला जे जमत होतं ते एवढंच होतं की बुडायचं नाही.

प्रबुद्ध उडी मारून आला. पट्टा पाण्याखालच्या गुंत्यात होता, ओढून निघेना आणि कापायला हाती लागेना. त्याच्याकडे सुरी होती. त्याने आधी शुभाताईंना पकडणारा दोर कापला, मग शेजारचे कापले, आणि तरीही त्या सुटेनात, कारण मला तराफ्याला बांधलेल्या दोरीतही पट्टा गुंतला होता, तेव्हा तीही कापली. मी आणि शुभाताई एकदमच मोकळे झालो. तो आम्हाला दोघांना ढकलत काठाला घेऊन आला. पण मी निघाल्यावर तराफ्याचा कोपरा खाली बसला, बांबू सुटले आणि अर्धे वाढलेले वीस-बावीस दोर गाळात गेले. चार महिन्यांचे शिंपले दोन दिवसांत चिखलाखाली गुदमरून मेले.

शुभाताईंच्या हाताला एकोणीस टाके पडले. मला कोळीवाड्याच्या समाजमंदिराबाहेर मासे सुकवायच्या ओट्यावर ठेवलं. तिथे मी पुन्हा एकदा बिनकामाचा पडून राहिलो.

पुढच्या आठ दिवसांत खूप काही बोललं गेलं, पण समोरासमोर काहीच नाही. कयाकवाल्या लोकांनी मोबाइलवर ग्रुपमध्ये लिहिलं की ही शेती धोकादायक आहे, ती हटवायला सरकारला अर्ज करू. कोळीवाड्यातल्या बायका म्हणू लागल्या की खाडी पोट भरण्यासाठी आहे, हौसेसाठी नाही, होड्या बंद करा. जिच्या वाट्याचे दोर सगळ्यात जास्त गेले होते ती तेजल सर्वांत चिडली होती. तिने त्या शेतीच्या भरवशावर दुसऱ्याच्या घरची भांडी सोडली होती. मग कोळीवाड्याचे वडीलधारे राजारामकाका यांनी रविवारी सगळ्यांना समाजमंदिरात बोलावलं.

खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

आधी बराच वेळ एकमेकांवर आरोप झाले. कयाकवाल्यांपैकी एकाने अर्जाचा कागद दाखवला. तेजलने विचारलं की आमच्या दोरांचं कोण बघणार. प्रबुद्ध म्हणाला की तिथे माणूस मरत होता. मग विमलामावशी उठल्या.

"तू माणूस वाचवलास, बरोबर केलास," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात कोयता असता तर मी पण तोच दोर कापला असता. त्याचं मला काय नाय. पण त्यानंतर आठ दिवस तू तोंड दाखवलं नायस, प्रबुद्ध. हा ड्रम तुझ्या आईचा. तो बाहेर पडून हाय. त्याला बघायला पण आला नायस."

प्रबुद्ध खाली बघत होता. "मला वाटलं तुम्ही हाकलून द्याल."

"दिलं असतं. पण यायला तर पायजे होतं."

मग प्रबुद्ध म्हणाला की त्या दिवशी ओहोटीची वेळ झाली होती हे त्याला माहीत होतं आणि तरी तो निघाला. ती त्याची चूक. विमलामावशी म्हणाल्या की तराफे आडवे बांधताना त्यांनी त्याला सांगितलं नाही, ती त्यांची. पण चूक कबूल करून वाट काही रुंद होत नाही. अर्जाचा कागद अजून टेबलावर होता आणि त्यावर पहिली सही शुभाताईंची हवी होती. जखम त्यांना झाली होती.

शुभाताई हाताला पट्टी बांधून मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या पुढे आल्या, कागद शांतपणे वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"सही करेन किंवा नाही करणार, ते नंतर," त्या म्हणाल्या. "मी जिथे पडले ती जागा मला आधी पाणी नसताना बघायची आहे."

मग अमावास्येची वाट पाहिली. अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती सर्वांत मोठी येते आणि ओहोटीला पाणीही सर्वांत खाली जातं. त्या संध्याकाळी विमलामावशींच्या छोट्या होडीत तिघं बसली. मावशी, प्रबुद्ध आणि शुभाताई. प्रबुद्धने मलाही होडीमागे बांधून घेतलं, कारण तराफ्याचा मोडका कोपरा निदान तरंगत ठेवायचा होता.

पाणी उतरलं आणि खाडीचा तळ दिसू लागला. मग जे मला कित्येक महिने माहीत होतं ते तिघांनाही दिसलं. तराफ्यांच्या मागे गाळाची एक लांब पाठ तयार झाली होती, माणसाच्या कमरेएवढी उंच. पाण्याला तिथून जाता येईना, म्हणून ते सगळं उरलेल्या एका अरुंद फटीत घुसत होतं. म्हणून ओढ वाढली होती. आणि तोच गाळ हळूहळू आमच्या दोरांच्या टोकांनाही गिळत होता. आडव्या तराफ्यांनी होड्यांची वाट अडवली होती, आणि स्वतःचीही.

"हे असंच राहिलं तर पुढच्या वर्षी माझेच शिंपले मरणार," विमलामावशी हळूच म्हणाल्या. मग त्यांनी शुभाताईंचा हात स्वतःच्या हातात घेतला. पट्टी निघाली होती, लाल ओळी दिसत होत्या. मावशींनी आपला हात त्याच्या शेजारी ठेवला. "दुखतं अजून?"

"पावसाळी हवेत दुखेल म्हणाले डॉक्टर."

"दुखतं. मग सवय होते." दोघी थोडं हसल्या.

शुभाताईंना पोस्टात पत्त्यांचे नकाशे वाचायची सवय होती. त्यांनी तिथेच पर्समधून तो अर्जाचा कागद काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वळणाचं चित्र काढायला बसल्या. पाणी कुठून येतं, कुठे जातं, गाळ कुठे आहे. प्रबुद्ध बांबू रोवून खोली मोजून सांगत होता. मावशी वारा आणि भरती सांगत होत्या. तासाभरात चित्र तयार झालं. तराफे आडवे न ठेवता पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने उभे, एकामागे एक ठेवायचे. मग दोरांना पाणी दोन्ही बाजूंनी मिळेल, गाळ बसणार नाही, आणि तिवरांच्या बाजूने दोन होड्या शेजारून जातील एवढी वाट मोकळी राहील. मावशींनी आणखी एक अट घातली. ओहोटीचं पाणी ठरावीक खुणेच्या खाली गेलं की धक्क्यावर लाल कापड वर चढवायचं. ते वर असेपर्यंत एकही कयाक सोडायची नाही. मग कोणी मुलुंडहून आलेलं असो की आणखी कुठून.

"मी उशिरा आले तर मला परत पाठवायचं," शुभाताई प्रबुद्धला म्हणाल्या. "माझं तोंड बघायचं नाही."

ठरवणं सोपं होतं, करणं अवघड. जड नांगर उचलून दुसरीकडे टाकायचे होते आणि बायका अकराच होत्या. प्रबुद्धने सलग चार रविवार सफरी बंद ठेवल्या. त्याने ग्रुपमध्ये लिहिलं की या रविवारी वल्हवायचं नाही, चिखलात उतरायचं आहे. काही लोक चिडून दुसरीकडे गेले, ते परत आलेच नाहीत. पण पंधरा-सोळा जण आले. ज्याने अर्ज लिहिला होता तोही आला आणि पहिल्याच दिवशी चिखलात कमरेपर्यंत रुतला. त्याला तेजलने बाहेर ओढून काढलं. ती त्याच्याशी बोलली नाही, पण चहा देताना त्याचा कप चुकवला नाही.

तिसऱ्या रविवारी द्रौपदीबाई आल्या. खाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मी धक्क्याजवळ उलटा पडलो होतो. त्या माझ्याजवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपलाच." मग त्यांनी पदर खोचला आणि विमलामावशींबरोबर दोर सोडवत बसल्या. दोघींचं काय बोलणं चाललं होतं ते मला नीट ऐकू आलं नाही. मुलांविषयी असावं.

चौथ्या रविवारी तराफे उभे झाले. वाटेच्या तोंडाशी एक खूण हवी होती. विमलामावशी म्हणाल्या की या ड्रमने एक माणूस धरून ठेवलं आहे, त्यालाच ठेवा. शुभाताईंनी डाव्या हाताने माझ्यावर पांढरे पट्टे रंगवले. ते थोडे वाकडे आले आहेत. मला आवडतात.

तेव्हापासून मी इथे आहे. त्या वर्षी मेलेले शिंपले परत आले नाहीत. दोन बायकांनी शेती सोडली आणि त्यांतली एक अजून परतलेली नाही. पण ऑक्टोबरमध्ये नवे दोर सोडले आणि या वर्षीचे शिंपले पहिल्या वर्षीपेक्षा मोठे झाले. गाळाची ती पाठ हळूहळू वाहून गेली. कयाकमधले लोक आता शिंपल्यांच्या रांगांना वळसा घालून जातात आणि खाली वाकून दोर बघतात. कोणाचा दोर सुटलेला दिसला, जाळी फाटलेली दिसली, तर प्रबुद्ध धक्क्यावर जाऊन सांगतो. तरंगत आलेल्या पिशव्या आणि बाटल्या होडीवाले उचलतात, कारण त्या दोरांना गुंडाळल्या तर शिंपल्यांचा श्वास कोंडतो. सगळंच सुरळीत झालं असं नाही. एक मोटरबोटवाला अजूनही रविवारी वेगाने येतो आणि त्याच्या लाटांनी दोर एकमेकांत अडकतात. विमलामावशी त्याला दर वेळी हात करून थांबवतात आणि दर वेळी तेच शांतपणे सांगतात. गेल्या दोन रविवारी तो हळू आला.

मित्रांनो, आता माझ्याबद्दल थोडं सांगतो. ऊन आणि खारं पाणी यांमुळे माझा निळा रंग फिका पडला आहे. अंगावर बारीक भेगा आहेत, कालवंही येऊन चिकटली आहेत. प्लास्टिक कायम टिकतं असं लोक म्हणतात, पण ते नुसतं टिकत नाही. जुनं झालं की त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे खाडीत गेले तर मी ज्यांच्याशेजारी इतकी वर्षं राहिलो त्या शिंपल्यांच्या पोटात जातील. त्याची मला फार भीती वाटते. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. वस्तू कामाची असते तेव्हा तिला जपणारे पुष्कळ असतात. तिचं काम संपायला येतं, तेव्हाही तिच्यावर लक्ष ठेवा. तिला वेळेवर बाजूला काढा. आणि ज्या पाण्यावर, ज्या रस्त्यावर, ज्या अंगणावर तुमच्याबरोबर आणखी कोणाचा हक्क आहे, तिथे काही मांडण्याआधी त्याला एकदा विचारा. विचारायला फार लागत नाही, चहाचा एक कप पुरतो.

विमलामावशी दर महिन्याला होडीतून माझ्याजवळ येतात. कडेला होडी लावतात, बोटांच्या पेरांनी माझ्या अंगावर टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. भेग आतपर्यंत गेली की आवाज फुटका येतो, हे त्यांना ठाऊक आहे. ज्या दिवशी तसा येईल त्या दिवशी मला काढून काठावर घेणार, असं त्यांनी प्रबुद्धला सांगून ठेवलं आहे. काल त्या आल्या होत्या. वाजवलं, ऐकलं, पुन्हा एकदा वाजवलं.

"अजून एक पावसाळा काढील," त्या म्हणाल्या, आणि वल्हं मारत शिंपल्यांकडे निघून गेल्या.